माऊस अडला, तर तेरीज आठवावी

ज्या पेढीला दरमहा विवरणपत्र भरावे लागते, तिथे महिन्याची ११ तारीख विसरून चालत नाही. मागील महिन्याच्या विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, त्या दिवसापर्यंत भरला गेला, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीमध्ये खरेदीदाराला आपले बिल दिसते आणि त्याची करवजावट त्याला वेळेवर मिळते. तो भरला गेला नाही, तर बिल खरे, माल पोहोचलेला, पैसेही आलेले, आणि तरीही खरेदीदाराची वजावट पुढच्या महिन्यावर जाते. उशीर विक्रेत्याचा आणि तोशीस गिऱ्हाइकाला, असा हा प्रकार. व्यापारात जिला साख म्हणतात ती अशाच ठिकाणी कमी-जास्त होत असते.

आता कल्पना करावी, की अशाच एका ११ तारखेच्या संध्याकाळी, निम्मी बिले तपासून झाल्यावर, पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. मुनीमजी माऊस उचलून टेबलावर दोनदा आपटतात, वायर ओढतात, पुन्हा खुपसतात. बाण हलत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एक सूचना येऊन जाते : ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. जोडलेली वस्तू संगणकाने ओळखली नाही, एवढाच तिचा अर्थ. दुरुस्ती करणाऱ्याला फोन जातो. तो म्हणतो, “शेठ, उद्या सकाळी येतो.” मग कोणी नवा माऊस आणायला बाजारात धावतो, कोणी मोबाईलवर उपाय शोधत बसतो, तर कोणी संगणकच जुना झाला असे जाहीर करून मोकळा होतो. तीन-चारशे रुपयांची वस्तू लाखांची उलाढाल अडवून धरते. हा प्रसंग बहुतेक वेळा घरच्या घरी निस्तरता येतो, आणि तो निस्तरण्याची रीत व्यापारी घरांना अपरिचित नाही.

आधी काम चालू ठेवावे

माऊस बंद पडला म्हणजे संगणक बंद पडला, हा पहिला गैरसमज. खात्री करून घेण्यासाठी कीबोर्डवरची ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे आणि अडचण माऊसपुरती आहे, असे समजण्यास हरकत नाही. दिवा मुळीच प्रतिसाद देत नसेल, तर बहुधा संगणकच गोठलेला असतो. तेव्हा माऊसला दोष देण्यात अर्थ नाही.

संगणक जागा असेल, तर पुष्कळसे काम कीबोर्डवरून होते. टॅलीची रचनाच मुळी कीबोर्डवर चालण्याजोगी आहे. जमेची पावती एफ-६ वर, विक्री एफ-८ वर, खरेदी एफ-९ वर आणि व्हाउचर मान्य करण्यासाठी कंट्रोल व ए, हे तर जुन्या मुनीमजींना तोंडपाठ असते. उघडे असलेले काम प्रथम असे जतन करून घ्यावे. संकेतस्थळावर मात्र अडचण येते. तिथे टॅबच्या कळीने एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाता येते, स्पेसच्या कळीने चौकटीत खूण करता येते आणि एंटरने बटण दाबता येते. पण प्रत्येक ठिकाणी ते साधतेच असे नाही.

अशा वेळी विंडोजमधील एक सोय उपयोगी पडते. तिचे नाव ‘माऊस कीज’. कीबोर्डच्या डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्या, की पडद्यावर एक विचारणा येते. एंटर दाबून होकार द्यावा. मग उजवीकडील अंकांच्या पट्टीवरील ८, २, ४ आणि ६ हे आकडे बाणाला वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे नेतात, तर ५ हा आकडा क्लिकचे काम करतो. बाण बैलगाडीच्या चालीने सरकतो, पण पोहोचतो. अंकांची वेगळी पट्टी नसलेल्या लहान लॅपटॉपवर ही सोय गैरसोयीची आहे. मात्र लॅपटॉपला स्वतःचा टचपॅड असतोच. तोही हलत नसेल, तर वरच्या ओळीतील टचपॅडचे चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली आहे का, ते पाहावे. बाहेरचा माऊस जोडला, की टचपॅड आपोआप बंद व्हावा, अशीही एक निवड काही लॅपटॉपमध्ये केलेली असते.

विवरणपत्राची अखेरची घटका असेल, तर आधी ते भरून घ्यावे. शोध नंतर.

तेरीज जुळत नाही तेव्हा

तेरीज न जुळण्याचा अनुभव नसलेला हिशेबनीस विरळा. जमा आणि नावे यांच्या बेरजांत फरक पडला, म्हणून कोणताही जाणता मुनीम सगळी कीर्द फाडून नव्याने लिहायला घेत नाही. तो आधी फरकाकडे पाहतो. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा त्याचा कयास असतो. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले, तर फरक ९० येतो. तसे नसेल, तर तो फरकाची निम्मी रक्कम शोधतो. १,२५० रुपयांची नावेची रक्कम जमेला पडली असेल, तर फरक दुप्पट म्हणजे २,५०० दिसतो. मग तो बेरजा पुन्हा करतो, त्यानंतर खतावणीतील बाक्या तपासतो आणि अगदी शेवटी एकेका नोंदीवर टिकल्या मारत बसतो.

या रीतीत तीन नियम दडलेले आहेत. सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आधी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशामुळे फरक मिटला ते कळते. आणि काय तपासून झाले ते लिहून ठेवावे, म्हणजे तेच दोनदा होत नाही. माऊस ओळखला जात नसेल, तेव्हा हेच तीन नियम जसेच्या तसे लागू पडतात. पेढीवर मात्र बहुधा उलटे घडते. एकाच दमात माऊस बदलला जातो, खाच बदलली जाते, संगणक बंद करून चालू केला जातो. बाण हलू लागतो, आणि नेमका दोष कुठे होता ते कोणालाच कळत नाही. तोच दोष पुढच्या महिन्यात पुन्हा दार ठोठावतो.

ओळख म्हणजे काय

अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून १९६४ साली पहिला माऊस घडला. ती होती खाली दोन चाके बसवलेली एक लाकडी पेटी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबर्ट यांनी तिचे जाहीर प्रात्यक्षिक केले. शेपटीसारखी वायर बाहेर येत असल्यामुळे तिला उंदराचे नाव पडले. चाके गेली, गोळी आली; गोळी गेली, प्रकाश आला; पण वायरच्या माऊसचे दुखणे आजही पुष्कळदा त्या शेपटीतच असते.

साध्या यूएसबी माऊसच्या वायरीत मुख्यतः चार तारा असतात. दोन तारा ५ व्होल्टचा वीजपुरवठा करतात आणि दोन तारा निरोपाची ने-आण करतात. माऊस खाचेत बसला, की निरोपाच्या एका तारेवरचा दाब किंचित वर खेचून तो आपण आल्याची वर्दी देतो. संगणक मग विचारतो, तू कोण? माऊस आपल्या उत्पादकाचा क्रमांक, आपला क्रमांक आणि आपला प्रकार सांगतो. संगणक त्याला एक पत्ता नेमून देतो आणि त्याच्या प्रकाराला साजेसा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलणारी आज्ञावली, सुरू करतो. बँकेत नवे खाते उघडताना ओळखीची कागदपत्रे पाहून खातेक्रमांक द्यावा, तसाच हा व्यवहार आहे. फक्त तो क्षणात उरकतो.

यावरून दोष कुठे कुठे असू शकतो, ते स्पष्ट होते. वीजच पोहोचली नाही. वीज पोहोचली, पण निरोप पोहोचला नाही. निरोप पोहोचला, पण संगणकाची आज्ञावली अडली. अथवा ओळख नीट पटली आहे आणि अडचण भलतीच आहे. माऊसखालचा लाल दिवा लागला म्हणजे माऊस ठीक आहे, असे पुष्कळांना वाटते. तो दिवा वीज पोहोचल्याचीच तेवढी साक्ष देतो. निरोपाची तार तुटली असेल, तरीही तो लागू शकतो. उलट, काही माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरलेला असतो. त्यांचा दिवा दिसत नाही म्हणून ते बिघडले, असे म्हणता येत नाही.

तपासणीचा क्रम

सर्वांत आधी टेबलाकडे पाहावे. पुष्कळ पेढ्यांवर टेबलावर काच असते आणि काचेखाली देवादिकांची चित्रे, दरपत्रके, भेटपत्रे असतात. प्रकाशावर चालणारा सामान्य माऊस पृष्ठभागाच्या बारीक खडबडीतपणावरून आपली हालचाल ताडतो. नितळ काचेवर त्याला ते जमत नाही. तेव्हा क्लिक होत असेल, पण बाण हलत नसेल, तर ओळख पटलेली आहे. माऊसखाली एक कोरा कागद सरकवावा. एवढ्यावर काम भागले, तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

दुसरी पायरी खाचेची. माऊस काढावा, दहा सेकंद थांबावे आणि दुसऱ्या खाचेत घट्ट बसवावा. डेस्कटॉप संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचा आतून एका बारीक केबलने मुख्य बोर्डाला जोडलेल्या असतात. ती सैल झाली, की त्या निकामी होतात. मागच्या खाचा थेट बोर्डावर असतात. म्हणून तपासणी मागच्या खाचेत करावी. मध्ये हब किंवा जोडवायर असेल, तर ती काढून माऊस थेट जोडावा. जुन्या संगणकावर गोल खाचेचा माऊस असतो. त्याची खाच हिरवी, तर कीबोर्डची जांभळी. तो मात्र चालू संगणकात काढ-घाल करण्यासाठी बनवलेला नाही. संगणक बंद करूनच तो बसवावा.

तिसरी पायरी गर्दी कमी करण्याची. बिलिंगच्या संगणकाला बारकोड वाचणारे यंत्र, छपाईयंत्र, डिजिटल सहीचा टोकन, पेनड्राइव्ह आणि शिवाय कोणाचा तरी चार्जिंगला लावलेला मोबाईल, असा मोठा परिवार जोडलेला असतो. साध्या हबवर हे सारे एकाच खाचेच्या विजेवर जगतात, आणि यूएसबी २.० च्या एका खाचेतून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. त्यात एखादी वस्तू बिघडलेली असेल, तर ती शेजाऱ्यांनाही अडवते. कीबोर्ड तेवढा ठेवून बाकी सर्व काढावे, माऊस ओळखला जातो का ते पाहावे आणि मग एकेक वस्तू परत जोडत जावी. जिच्या येण्याने माऊस जातो, ती दोषी.

बिनवायरीच्या माऊसची तपासणी थोडी वेगळी. त्याच्या पोटाखाली चालू-बंदचे एक बारीक बटण असते. साफसफाईच्या फडक्याने ते सरकले, तर माऊस पाहता पाहता मुका होतो. त्यानंतर सेल. सेल पाझरून टोकांवर पांढरट बुरशीसारखा थर जमला असेल, तर तो कोरड्या कापडाने पुसून नवा सेल घालावा. पुढे डोंगल. साधारणपणे एका डोंगलची जोडी एकाच माऊसशी जुळवलेली असते. दोन-तीन संगणक असलेल्या पेढीवर एकसारखे दिसणारे डोंगल आवराआवरीत बदलले जातात आणि मग एका टेबलावरचा माऊस दुसऱ्या टेबलावरचा बाण हलवतो. अशी एखादी गंमत घडली, की घरातील एखादी सूनबाईच हसत म्हणते, “काका, नवा माऊस मागवण्याआधी डोंगल कोणाचा आहे ते तर बघू या.” प्रत्येक डोंगलवर आणि त्याच्या माऊसवर एकाच रंगाचा ठिपका लावून ठेवला, तर हा घोळ कायमचा मिटतो.

डोंगलच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. यूएसबी ३.० च्या खाचेतून आणि तिला जोडलेल्या वस्तूंतून वेगाने माहिती जात असताना याच पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात दाखवले आहे. ही खाच आतून पुष्कळदा निळी असते. बाहेरची हार्डडिस्क निळ्या खाचेला आणि डोंगल तिच्या शेजारीच, अशी मांडणी असेल, तर बाण अडखळतो किंवा नाहीसा होतो. डोंगल लांबच्या, काळ्या खाचेत लावावा. डोंगल नसलेला ब्लूटूथ माऊस असेल, तर खाचेचा प्रश्नच नाही. संगणकाचे ब्लूटूथ चालू आहे का ते पाहून त्याची जोडणी नव्याने करावी लागते.

धान्याच्या आणि किराण्याच्या पेढीवर तपासणीची आणखी एक बाब असते. वखारीतला खराखुरा उंदीर टेबलामागे येऊन या उंदराची शेपटी कुरतडून जातो. तेव्हा वायर तिच्या पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवून पाहावी, विशेषतः ती माऊसमधून बाहेर पडते त्या ठिकाणी. तिथे वारंवार वाकल्यामुळे आतली तार वरचे आवरण शाबूत असतानाही तुटते. वायर एका विशिष्ट कोनात धरली असता माऊस चालत असेल, तर निदान झाले.

बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे

यानंतर संगणक नव्याने सुरू करावा. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक आपल्या अंतर्भागाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच परत उचलतो. म्हणजे रात्री अडलेली आज्ञावली सकाळीही अडलेलीच राहू शकते. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. रोज रात्री संगणक बंद करूनही दोष जात नाही, अशी तक्रार असते तिचे एक कारण हे आहे. माऊसविना रिस्टार्ट करण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि एक्स एकत्र दाबून सोडावी, मग यू आणि मग आर दाबावी. तत्पूर्वी काम जतन केलेले असावे.

तेवढ्याने भागले नाही, तर डेस्कटॉप पूर्ण बंद करून वीजपुरवठ्याची वायर काढावी, चालू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे आणि मिनिटभराने पुन्हा सुरू करावा. आत साठून राहिलेली वीज अशाने उतरते आणि खाचा ताळ्यावर येतात.

माऊसचा दोष की संगणकाचा

इथपर्यंत उत्तर मिळाले नसेल, तर शोधाचे दोन भाग पाडावेत. हाच माऊस दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. पेढीवर दुसरा संगणक नसेल, तर बहुतेक अँड्रॉइड मोबाईलना ओटीजी नावाच्या छोट्या जोडणीने यूएसबी माऊस लावता येतो. माऊस ठीक असेल, तर मोबाईलच्या पडद्यावर बाण उमटतो. दोन्ही ठिकाणी तो ओळखला गेला नाही, तर माऊस गेला. त्याच्यावर आणखी वेळ घालवण्यात शहाणपण नाही; नवा आणावा. तो दुसरीकडे चालला, तर मात्र नवा माऊस आणूनही उपयोग होणार नाही, कारण दोष संगणकाकडे आहे. बाजाराची खेप वाचवणारी अशी ही तपासणी आहे, म्हणून ती खरेदीच्या आधी करावी.

दोष संगणकाकडे असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. विंडोजची कळ आणि एक्स, मग एम. तिथे जोडलेल्या वस्तूंची यादी असते. टॅबच्या आणि बाणांच्या कळांनी तीत फिरता येते. माऊसच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल, तर ती नोंद निवडून डिलीटची कळ दाबावी, विचारणेला होकार द्यावा आणि संगणक रिस्टार्ट करावा. विंडोज माऊसची ओळख नव्याने करून घेते. यादीत ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि त्यापुढे ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे दिसले, तर संगणकाने ‘तू कोण’ असे विचारले आणि उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा वायर किंवा खाच यांच्याकडे पुन्हा वळावे. एक सावधगिरी मात्र हवी. या यादीतील यूएसबी कंट्रोलरच्या नोंदी पुसू नयेत. त्यांच्यावरच कीबोर्ड चालतो. त्या पुसल्या, तर माऊसपाठोपाठ कीबोर्डही जाण्याची भीती असते.

माऊस थोडा वेळ चालतो आणि संगणक काही काळ स्वस्थ राहिला, की नाहीसा होतो, असे होत असेल, तर वीज वाचवण्याची योजना तपासावी. याच यादीत ‘यूएसबी रूट हब’ या नोंदीच्या गुणधर्मांत वीजव्यवस्थापनाचे पान असते. वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करण्याची मुभा संगणकाला तिथे दिलेली असते. ती खूण काढून टाकावी. एवढे करूनही कोणत्याच खाचेत कोणताच माऊस ओळखला जात नसेल, तर मुख्य बोर्डापर्यंत गोष्ट गेली. आता दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे आणि केलेल्या तपासण्यांची टिप्पणी त्याच्या हाती द्यावी. त्याचा वेळ वाचतो, आणि आपल्याला अनावश्यक सुटे भाग विकले जात नाहीत.

घाईची खरी किंमत

या साऱ्या प्रकरणात मोठे नुकसान माऊसमुळे होत नाही, घाईमुळे होते. अखेरच्या तारखेला घाबरलेला माणूस मोबाईलवर मदत केंद्राचा क्रमांक शोधतो आणि जो प्रथम दिसेल त्याला फोन करतो. पलीकडचा गृहस्थ अदबीने बोलतो, संगणकाचा पडदा दुरून दाखवणारे एक ॲप घ्यायला सांगतो आणि क्षणार्धात त्या संगणकावरील नेटबँकिंग, ग्राहकांच्या याद्या, टोकनवरची डिजिटल सही, हे सारे त्याच्या नजरेखाली येते. साध्या माऊससाठी लागणारी आज्ञावली विंडोजमध्ये मुळातच असते. तिच्यासाठी अनोळखी ठिकाणाहून काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पडद्यावर दूरध्वनी क्रमांक असलेला इशारा झळकला, तर तो खोटा समजावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत असा क्रमांक नसतो. फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

पेढीने करून ठेवावी अशी तजवीज थोडकी आहे. एक वायरचा माऊस, तपासून घेतलेला, खणात ठेवावा; बिनवायरीचा वापरत असल्यास जोडीला दोन सेलही ठेवावेत. माऊस कीजची तीन कळांची युक्ती मुनीमजींना आणि घरातील आणखी एकाला करून दाखवावी. संगणकाशेजारी एक छोटी वही असावी. तीत दोष कोणत्या दिवशी आला, काय तपासले आणि कशाने गेला, एवढे तीन रकाने पुरेत. वर्षभरात तीच खाच किंवा तेच हब तीनदा नोंदीत आले, तर ते बदलण्याचा निर्णय तर्कावर न राहता नोंदीवर होईल. आणि विक्रीचा तपशील ११ तारखेच्या संध्याकाळपर्यंत लांबवू नये. तो ८-९ तारखेलाच भरला गेला असेल, तर माऊस अडल्याने चहा पिण्यापुरताच वेळ जाईल, आणि गिऱ्हाइकाला त्याची करवजावट १४ तारखेला ठरल्याप्रमाणे दिसेल.